कानामागची कातडी

जानेफळ, १२ फेब्रुवारी १९३९

कॉलेजातली ही वही निम्मी कोरी राहिली होती. पुढून तर्कशास्त्राची टिपणं आहेत, म्हणून मागून सुरुवात करते. रोज लिहिणं जमणार नाही. लिहीन त्या दिवशी खरं तेवढंच लिहीन.

आज लोणारहून अक्काला आणून सोडलं. 'आणून सोडलं' हाच शब्द बरोबर आहे. तिच्या सासरचा गडी दमणी घेऊन आला, मळ्याच्या धुऱ्यावर तिला उतरवलं आणि बैलांना पाणीसुद्धा न पाजता परत गेला.

दिवाळीत तिच्या तोंडावर कढईतलं तेल उडालं हे आम्हाला कळलं होतं, पण मागाहून 'आता बरं आहे' असा निरोप आला होता. बरं म्हणजे काय ते आज पाहिलं. गाल आणि कपाळ भरून आलं आहे. डाव्या डोळ्याची वरची पापणी मात्र व्रणानं भुवईपर्यंत ओढून नेली आहे, तिची आतली लाल बाजू बाहेर दिसते. तो डोळा मिटत नाही. बोलताना उजवा लवतो, डावा तसाच पाहत राहतो. माय तिला पोटाशी धरून रडली. बाबा उठून मिरचीच्या वाफ्यात जाऊन बसले.

मी विचारलं, "कोणी केलं हे?"

"कोणी काय वं पुष्पे? कढई कलंडली. मीच तळून राह्यली होती."

"सासू कुठं होती?"

"आडावर. मी वरडली तशी धावत आली. पदरानं तेल पुसलं तिनं." मग जरा थांबून म्हणाली, "पदरासंगं कातडंबी निघालं, पण थे तिले काय माहीत?"

अक्का भोळी आहे. म्हणे आडावर होती! तिच्या सासूचा, अन्नपूर्णाबाईचा, स्वभाव मला माहीत आहे. अक्काच्या लग्नात मानाच्या लुगड्यावरून तिनं चारचौघींत माझ्या मायला खाली पाहायला लावलं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. विसरलेले नाही.

१५ फेब्रुवारी

अक्काला का पाठवलं ते मायकडून कळलं. झोपली की तिचा एक डोळा उघडा राहतो. शालिग्रामभाऊजींना भीती वाटते. मेलेल्या माणसाचा डोळा उघडा राहिला तर आपण बोटानं मिटवतो. ही जिवंत असून हिचा मिटत नाही, असं माणूस घरात नको, असं ठरलं.

दुपारी ती झोपली होती तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. बुबुळ वर गेलेलं, नुसतं पांढरं. मीसुद्धा दोन पावलं मागं सरले. मग माझीच मला लाज वाटली, आणि लाजेचा राग आला, आणि तो राग कुणावर काढायचा ते मला लगेच कळलं.

शेजारच्या सत्यभामाबाई पाहायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "बरं झालं वं रुखमाबाई. आता तुमच्या घरी चोर नाही येत. पोरगी एका डोळ्यानं जागीच राहते."

माय म्हणाली, "तुह्या घरी पाठवू काय राखणीले? तुह्याकडं तं दोन्ही डोळ्यायनं झोपतात सारे."

मी ठरवलं आहे. अक्का दोन्ही डोळे उघडून त्या बाईसमोर उभी राहील, आणि त्या दिवशी खाली पाहायची पाळी त्या बाईची असेल. शिक्षणाचा उपयोग अन्याय निमूट सोसायला नाही.

अक्काला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"झोप. ओलं फडकं ठेवतो तं ते घसरते. डोळा कोरडा झाला का मिरचीचं बोट लागल्यावानी होते."

"एवढंच?"

"एवढंच म्हंजे?"

२६ फेब्रुवारी

घाटाखालच्या मिशनच्या इस्पितळात जाऊन आलो, सर्व्हिस मोटारनं. तिथले डॉक्टर मद्रासकडचे आहेत. मराठी येत नाही, हिंदी मोडकी, त्यामुळे सगळं माझ्याशी इंग्रजीत बोलले आणि मी घरच्या बोलीत सांगितलं. बाबा माझ्याकडे असे पाहत होते की जणू डॉक्टर मीच आहे.

पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. तिच्या जवळची म्हणजे कानामागची. ती काढून पापणीवर लावायची. तिच्याखाली रक्त साचलं तर ती मरते. जगली तरी महिनोन् महिने आकसत राहते. म्हणून दोन्ही पापण्यांच्या कडा दोन जागी एकमेकींना जोडून टाकायच्या, डोळा बंद ठेवायचा, म्हणजे नवी कातडी ताणलेली राहते.

"साहेब," बाबांनी विचारलं, "कानाची कातडी डोळ्याले लावली तं डोळ्यानं ऐकू येईन काय?"

मी ते भाषांतर करावं की नाही या विचारात होते, पण डॉक्टरांना कळलं. ते हसले. अक्काही हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा, असं माय म्हणाली.

"किती दिवस बंद?" अक्कानं विचारलं.

"चार महीना," डॉक्टर थेट तिच्याशी बोलले. "आँख बंद होना मांगता, अम्मा. खुलना सब को आता है."

मला ते वाक्य आवडलं नाही. बंद डोळ्यानं कुणाला काय दाखवायचं?

४ मार्च

शस्त्रक्रिया झाली. डोळ्याभोवती सुया टोचून जागा बधिर केली होती; अक्का जागी होती. तिला सूचना सांगण्यासाठी मला शेजारी उभं राहू दिलं. व्रण कापताच पापणी सुटून खाली आली आणि विड्याच्या पानाच्या टोकाएवढी लाल जागा उघडी पडली. कानामागून काढलेली कातडी त्यावर बसवली, बारीक रेशमानं कडेकडेनं शिवली. अक्का हलली नाही. तिच्या पायाचा अंगठा तेवढा दुसऱ्या अंगठ्याला घट्ट धरून होता.

टाका पडला की मी मनात अन्नपूर्णाबाईचं नाव घेत होते. एकही टाका मोकळा सोडला नाही.

९ मार्च

आज पट्टी उघडली. कातडी जांभळट गुलाबी, डॉक्टरांच्या मते जिवंत. पण नाकाकडचा कोपरा काळा पडला आहे. खाली रक्त साचलं होतं.  डॉक्टरांनी चिमट्यानं काळं तेवढं उचललं. मला म्हणाले, उरलेली जगेल, पण तेवढी जागा व्रणानं भरणार, तिथून जास्त ओढ बसणार, म्हणून बंद ठेवण्याचं महत्त्व आता आधीपेक्षा वाढलं.

हा काळा कोपराही मी त्या बाईच्याच खाती घातला.

२९ मार्च

घरी आलो. डोळा मिटलेला, दोन जागी पापण्या जोडलेल्या, मधल्या फटीतून पाणी येतं ते पुसायचं. सबंध आळी येऊन पाहून गेली. "डोळा बसवाले नेली अन् शिवून आणली," असं सत्यभामाबाई म्हणाल्या. मी त्यांना आकसणाऱ्या कातडीबद्दल अर्धा तास समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाव, हाव. म्हंजे शिवलाच ना?"

५ एप्रिल

गावात मी चालवते त्या मुलींच्या वर्गात आता अकरा जणी येतात. तीन जणींना बाराखडी पाठ आहे.

अक्का झोपते. सकाळी उठवली तर उठत नाही, दुपारी भाकरी खाऊन परत झोपते. माय तिच्याकडे पाहत बसते आणि आल्यागेल्याला सांगते, "दिवाळीपासूनची राह्यली, थे काढून राह्यली पोरगी." चेहरा भरला आहे. निंदताना गाणं म्हणते. मला कधी कधी तिचा राग येतो. तिला राग का येत नाही?

२३ एप्रिल



बाबांचे दोस्त मोतीरामकाका लोणारच्या बाजारात भाजी घेऊन गेले होते. परत येताना आमच्याकडे आले, पाणी प्यायले, आणि खाली बसून म्हणाले, "निवृत्तीभाऊ, तुमच्या पोरीचा टाक ठोकून राह्यला लोणारचा सोनार."

पहिली बायको मेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती. मेलेलीनं नव्या बायकोला त्रास देऊ नये म्हणून. शालिग्रामभाऊजींचं लग्न ठरलं आहे. मुलगी धाड गावच्या पुंजाजींची. त्यांना सांगितलं आहे की पहिली दिवाळीतच जळून मेली. लग्न १८ मे, लोणारलाच, नवऱ्याच्या दारी.

माय म्हणाली, "जित्या लेकीचा टाक?" आणि भिंतीला टेकली. 

अक्कानं विचारलं, "चांदीचा का तांब्याचा, काका?"

"चांदीचा, माय."

"मंग बरं. जिती होती तवा चांदीचं नाही केलं कधी."

तिला अशी थट्टा सुचू शकते! मी उठून आत गेले आणि कोनाड्यावर मूठ आपटली. त्या बाईनं माझ्या मायला खाली पाहायला लावलं, बहिणीला जाळलं, आणि आता तिला मारून सोनाराकडे दिलं. १८ मेला मी अक्काला त्या मांडवात उभी करीन. दोन्ही डोळे उघडे. शिवलेल्या डोळ्यानं नेली तर त्या हसतील. चार महिने ४ जुलैला होतात. डॉक्टरांना आजच पत्र लिहिते.

४ मे

डॉक्टरांचं उत्तर आलं. सबंध दोन पानं. सावध मनुष्य आहे. परीक्षक जसे पाचाच्या जागी चार गुण देतात तसे हे लोक दोन महिन्यांच्या जागी चार सांगत असावेत. होकार नाही. पण त्यांनी टाक पाहिलेला नाही. त्यांच्यासमोर एक पापणी आहे, माझ्यासमोर एका बाईचं सबंध आयुष्य आहे.

जेवणं झाल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणते साहेबाची चिठ्ठी?"

मी कागद समोर धरला आणि सांगितलं, "जखम भरली असेल तर उघडायला हरकत नाही म्हणतात."

बाबांनी पत्राला हात जोडले. माय म्हणाली, "देवमाणूस." अक्का पत्राकडे पाहत होती, उजव्या डोळ्यानं. 

खरं तेवढंच लिहीन असं पहिल्या पानावर लिहिलं आहे, म्हणून लिहिते: ते खरं नव्हतं. पण हेतू शुद्ध असताना शब्द बदलले तर त्याला खोटं म्हणावं का, याचा विचार सवडीनं करीन.

१४ मे

इथल्या दवाखान्याचे कंपौंडर रंगराव यांच्याकडे गेलो. ते नको म्हणत होते.

"पुष्पाबाई, साहेबाची चिठ्ठी पाहू द्या."

"इंग्रजीत आहे."

"मंग वाचून दाखवा. माह्या मनाले धीर येईन."

त्यांनाही वाचून दाखवली, बाबांना दाखवली तशीच. दुसऱ्यांदा सोपं जातं. त्यांनी बारीक कात्रीनं दोन्ही जोड कापले. थेंबभर रक्त आलं. डोळा उघडला! पांढरा स्वच्छ, बुबुळ काळं कुळकुळीत, पापणी किंचित खाली झुकलेली, पण लवते, मिटते. मी टाळ्या वाजवल्या. रंगरावांनीही कपाळाचा घाम पुसला.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"उजेड लय झाला," अक्का म्हणाली.

१८ मे, लोणारहून परतल्यावर

मला हवं होतं ते सगळं झालं. क्रमानं लिहिते.

दमणीत बाबा, अक्का आणि मी. मायला नेलं नाही. मांडवात पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती आणि नवरी चौरंगावर बसली होती. पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिच्या गळ्यात लाल दोऱ्यात टाक होता. मी सरळ पुढं गेले. 

"हा टाक कोणाचा?"

कुणीतरी बाई म्हणाली, "पहिलीचा. जळून मेली बिचारी."

"तिचं नाव काय होतं?"

"कोकिळा."

"मग ही कोण?" असं म्हणून मी अक्काचा पदर मागं केला.

वाजंत्रीवाले आपोआप थांबले. नवरीचे वडील पुंजाजी उठून आले; म्हातारा, ताठ माणूस. त्यांनी अक्काकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "बाई, तू कोण?"

अक्का म्हणाली, "थे मेली म्हणतात ना, थेच मी."

मागं कुणीतरी हसलं, मग सगळे एकदम बोलायला लागले. शालिग्रामभाऊजींच्या मुंडावळ्या तोंडावर होत्या, त्यांनी त्या बाजूला केल्या नाहीत. अन्नपूर्णाबाई हातात अक्षतांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या अक्काच्या अगदी जवळ आल्या, तिच्या डोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मिटते काय वं आता?"

एवढ्या माणसांत, अशा वेळी, असा टोमणा! आणि अक्का! तिनं त्यांना दोन वेळा डोळा मिटून दाखवला, लहान मूल नवीन दात दाखवतं तसा. मला तिचा हात धरून ओढावंसं वाटलं. पण मग अन्नपूर्णाबाईंनी मान खाली घातली. सर्वांसमोर. मी पाहिलं. आठ वर्षं मी त्यासाठी थांबले होते.

पुंजाजींनी पोरीच्या गळ्यातला टाक काढून जमिनीवर टाकला. "जित्या बाईले मारणारे माह्या लेकीले काय जगवतीन?" असं म्हणाले आणि वऱ्हाड घेऊन निघाले. सगळ्या गाड्या जुंपल्या जाईपर्यंत मी तिथंच उभी होते.

१९ मे

काल परत येताना वाटेत अक्का एकच बोलली. "थ्या पोरीले हळद लागली होती वं. आता तिचं कसं होईन?"

मी म्हणाले, तिला एका खोटारड्या घरातून आपण वाचवलं. बाबा म्हणाले, "हाव, बरोबर आहे." अक्का म्हणाली, "बरोबर आहे. म्या फकस्त इचारलं."

त्या मुलीबद्दल मला वाईट वाटतं. पण त्याला माझा इलाज नाही.

३० मे

उन्हाळा फार आहे. अक्काच्या पापणीची नाकाकडची बाजू थोडी वर गेल्यासारखी वाटते. माझा भास असेल. माय म्हणते भास नाही.

११ जून

डोळा मिटत नाही. दिवाळीनंतर होती तेवढी नाही, पण पापणी वर गेली आहे, आणि झोपेत पांढरी फट राहते. गेल्या आठवड्यात गरम वारा आणि धूळ होती. डोळा लाल झाला आहे, उजेडाकडे पाहवत नाही, सारखं पाणी. रंगरावांनी औषधाचे थेंब दिले. ते माझ्याशी बोलताना भिंतीकडे पाहतात.

मला सारखं वाटतं, हे सगळं अन्नपूर्णाबाईंची नजर लागल्यामुळं झालं. मी बी.ए. आहे आणि हे मी लिहिते आहे.

२४ जून

इस्पितळ. बुबुळावर जखम झाली आहे, तिच्यात पू झाला आहे. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, मान वर केली आणि हिंदीत विचारलं, "किसने खोला?" मला विचारलं नाही, अक्काला, बाबांना विचारलं.

बाबा म्हणाले, "साहेब, तुमच्याच चिठ्ठीवरून. माह्या पोरीनं वाचून दाखवली."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात अक्का म्हणाली, "मैंने तोडा, साब. खाजत होतं. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. बाबाले आठवत नाही."

बाबा गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले. डॉक्टरांना कात्रीनं कापलेला जोड कळत नसेल असं नाही. ते इंग्रजीत एवढंच म्हणाले, "मी फार स्पष्ट लिहिलं होतं असं मला वाटतं." मला दुभाषी म्हणून त्याचं मराठी करायचं होतं. केलं नाही.

१६ जुलै

आज घरी आणलं. डोळा ठेवला आहे, काढावा लागला नाही. पण बुबुळावर फूल पडलं. आता त्या डोळ्यानं तिला दिवस-रात्र तेवढं कळतं. थंडीत दुसऱ्या कानामागची कातडी लावून पापणी खाली आणून देतो, असं डॉक्टर म्हणाले. मिटायला होईल, दिसणार नाही.

आज तीनदा वही उघडून मिटली. शेवटी लोणारच्या लोकांना शिव्या लिहिल्या, आणि त्या खोडल्या.

२३ जुलै

अक्का माझ्या वर्गात आली. मुली गेल्या होत्या, मी पाट्या पुसत होते. तिच्या हातात डॉक्टरांचं पत्र होतं. माझ्या पेटीतून काढलं असणार.

"वाच," म्हणाली.

"काय वाचू?"

"काय लिव्हलं थे. जसं लिव्हलं तसं."

मी म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"तवाच. दोन कागद भरून लिव्हलं त्यानं, अन् तू सांगितलं इतुकसं. एवढी शाई अन् एवढीशी गोष्ट?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काऊन नाही बोलली, थे माहं मले माहीत." ती माझ्यासमोर मुलींच्या जागेवर बसली. "तू वाच."

मी वाचलं. इंग्रजी डोळ्यांनी, तोंडानं मराठी. आपण विचारता, लग्नासाठी डोळा आधी उघडता येईल का. कोणत्याही परिस्थितीत नाही. कातडीचा एक कोपरा मेलेला आहे, उरलेली त्यामुळं जास्त आकसेल. आज उघडलात तर ती पापणी वर ओढून नेईल, आणि या दिवसांतल्या वाऱ्यात उघडं बुबुळ आठवड्यात जाऊ शकतं. जुलैच्या आधी कोणालाही हात लावू देऊ नका. लग्नाला जायचंच असेल तर पट्टी बांधून न्या; त्यानं काही बिघडणार नाही.

"थांब," अक्का म्हणाली. "पट्टी बांधून न्या, असं लिव्हलं?"

"हो."

"पट्टी बांधून गेली असती तं मी काय मेलेली दिसली असती, पुष्पे?"

 मी तिच्या पायाशी वाकले तर तिनं पाय आत घेतले.

"पाया नको पडू. बाबाले सांगायचं नाही. बाबाच्या जिवाले एवढंच आहे का आपली पोरगी शिकली. पण मले रोज वाचून दाखवायचं. इथं. पोरी गेल्यावर."

"कधीपर्यंत?"

"म्या सांगीन."

२८ जुलै

रोज वाचते. ती रागावत नाही, रडत नाही, काही विचारतही नाही. ऐकते आणि उठून मळ्यात जाते. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणाचा सूड कसा घ्यायचा हे मला येतं असं मला वाटत होतं.

२ ऑगस्ट

आज अकराव्यांदा वाचलं. पट्टीच्या वाक्यापाशी थांबून पत्राची घडी घातली.

अक्का म्हणाली, "उघड."

तिनं पत्र जमिनीवर पसरलं आणि बोट ठेवलं. तिला अक्षर येत नाही, पण मिरचीच्या सऱ्या मोजून पाण्याचे बारे द्यायला तिला बाबांनी पाचव्या वर्षी शिकवलं. ओळींवरून बोट फिरवत म्हणाली, "इथं चौदा सऱ्या. या कागदावर नऊ. तुहा डोळा रोज इथंच थांबते. ह्या खालच्या दोन कोरड्याच राहून राह्यल्या अकरा दिवस. यायच्यात काय आहे?"

मी म्हणाले, तिथं काही नाही, नमस्कार वगैरे आहे.

ती बोट उचलेना. तिचा चांगला डोळा माझ्या तोंडाकडे होता.

तेव्हा मी वाचलं. 'आपल्या घरात हे पत्र वाचू शकणाऱ्या आपण एकट्याच आहात हे मला ठाऊक आहे. म्हणून आपल्या बहिणीचा डोळा मी आपल्या हाती सोपवतो.'

अक्कानं ऐकून घेतलं. पत्राची घडी स्वतः घातली, माझ्या हातात दिली आणि पदर खोचत उठली.

"उद्यापासून तेवढंच वाचायचं," म्हणाली.